जुन्या फोनवर अँड्रॉइड १५: बिल्ड, कर्नल आणि वेबव्ह्यू सांभाळण्याच्या नोंदी

फोन २०१८ चा, स्नॅपड्रॅगन ६६० घराण्यातला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा. कंपनीचे अपडेट अँड्रॉइड १० पाशी थांबले. घरात आणि ओळखीत असे काही फोन अजून धडधाकट आहेत: आईचा, मामांचा, शाळेतल्या एका बाईंचा, आणि चाचणीसाठी माझ्याकडचा. या सगळ्यांवर लिनिएजओएस (अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सवरून स्वयंसेवक बनवतात ती सिस्टिम) २०, म्हणजे अँड्रॉइड १३ चं अनधिकृत बिल्ड (सोर्सपासून बांधलेली, फोनवर चढवायची तयार सिस्टिम) होतं. ते बनवणाऱ्याला वेळ मिळेनासा झाला, तेव्हा २२.१ वर, म्हणजे अँड्रॉइड १५ वर, नेण्याचं काम मी अंगावर घेतलं.

मॉडेलचं नाव मुद्दाम गाळलंय. याच चिपच्या दोन फोनांत मोडेम वेगळा, डिस्प्ले पॅनेल वेगळं. कुणी नाव वाचून माझीच फाइल चढवायला नको. पद्धत मात्र या घराण्यातल्या बहुतेक फोनांना चालेल.

१२ जानेवारी २०२५, कराड

बिल्ड काढायला अँड्रॉइडच्या अधिकृत कागदात ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम मागितली आहे. माझा डेस्कटॉप आठ कोअरचा, जुन्या बाजारातला, रॅम १६ जीबी. १ टीबीची एनव्हीएमई डिस्क घेतली, ५,४०० रुपये. रॅमचा निर्णय पुढे ढकलला, तो महागात पडला (पुढे पाहा).

सोर्स उतरवताना पूर्ण इतिहास घेऊ नका. रेपो (सोर्स उतरवणारं साधन) इनिटला खोली १ आणि सिंकला फक्त चालू शाखा, एवढंच सांगा. आणि एकाच वेळी खूप धागे लावायचा मोह टाळा: सर्व्हर थोड्या वेळाने ४२९ (खूप विनंत्या) म्हणून हाकलतो आणि अर्धवट भांडारं (सोर्सच्या रेपॉझिटरी) पडून राहतात. चार धाग्यांवर रात्रभर लावून ठेवलं, सकाळी झालेलं होतं.

१९ जानेवारी

पहिलं बिल्ड वेबव्ह्यूपाशी (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा सिस्टिमचा भाग) पडलं. झिप फाइल वाचता येत नाही, असा एरर. फाइल बघितली तर जेमतेम सव्वाशे-दीडशे बाइट्सची! आत एपीके (ॲपची फाइल) नाही, नुसता तीन ओळींचा मजकूर. लिनिएज वेबव्ह्यूचं तयार एपीके गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फायली वेगळ्या साठवण्याची सोय) ठेवतं. मशीनवर एलएफएस बसवलेलं नसेल तर खऱ्या फाइलऐवजी तिचा पत्ता तेवढा येतो. एलएफएस बसवा, मग त्या एका भांडारात जाऊन एलएफएस पुल करा. सगळं पुन्हा उतरवायची गरज नाही.

एक कबुली: याच कारणाने अडकलेल्या लोकांनी वेबव्ह्यू यादीतून काढून टाकून बिल्ड पुढे रेटलेलं मी पाहिलंय. फोन सुरू होतो, आणि मग निम्मी ॲप उघडताच कोसळतात.

२६ जानेवारी

मेटालावा नावाचा टप्पा येतो तिथे १६ जीबी रॅम संपते आणि लिनक्स थेट प्रक्रियेचा गळा धरतो. स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवून पाहिला. डिस्कचा दिवा लागलेला आणि मशीन ढिम्म. शेवटी जुनीच पण चालणारी १६ जीबी आणखी घेतली, ३,२०० रुपये. एकूण ३२ जीबीवर, समांतर कामं कमी करून, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) चालू ठेवून भागतं. ज्यांना सुरुवात करायची त्यांनी आधी रॅम घ्यावी, डिस्क नंतर.

सीकॅशला (आधी झालेलं कंपाइल जपून ठेवणारं साधन) ५० जीबी दिले. आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. सीकॅश असेल तर तुटलेलं बिल्ड पुन्हा लावताना बराच भाग आयता मिळतो.

२ फेब्रुवारी

बिल्ड झालं, फ्लॅश मारला (फोनवर चढवलं), लोगो आला, परत लोगो आला. बूटलूप. एडीबी (संगणकावरून फोनशी बोलायची सोय) उठायच्या आधीच फोन रीस्टार्ट होतो, त्यामुळे लॉगकॅट (अँड्रॉइडचा लॉग) मिळत नाही. रिकव्हरीत जाऊन पीस्टोरमधला (रीबूटनंतरही टिकणारी जागा) आधीच्या बूटचा कर्नल लॉग काढला; कर्नल म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा. बीपीएफ लोडर अपयशी ठरला म्हणून इनिटने (सगळ्यात आधी सुरू होणारा प्रोग्राम) स्वतःच रीबूट केलं होतं.

कारण असं. कुठल्या ॲपने किती डेटा वापरला, कुणाला नेट द्यायचं, कुणाचं तोडायचं, हा हिशोब अँड्रॉइड पूर्वी आयपीटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) आणि त्यासोबतच्या जुन्या मॉड्यूलवर करायचं. मग ते सगळं ईबीपीएफवर (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायची सोय) गेलं आणि जुना रस्ता काढून टाकला गेला. अँड्रॉइड १५ चा लोडर तर कर्नल ४.१९ पेक्षा जुना दिसला की सरळ नकार देतो. आपला फोन ४.४ वर. लिनिएजच्या सोर्समध्ये ही आकड्याची अट सैल करणारे बदल आहेत, पण अट सैल केली म्हणून क्षमता येत नाही. कर्नलमध्ये ईबीपीएफचं पुढच्या आवृत्त्यांतलं काम मागे आणून जोडलेलं असावं लागतं. मी कंपनीने प्रसिद्ध केलेली मूळ ट्री (कर्नलचा सोर्स) घेतली होती. तिच्यात ते नव्हतं.

याच चिपसाठी लोकांनी ते जोडून ठेवलेल्या ट्री आहेत. त्यातली एक घेतली, कॉन्फिग आपल्या फोनचं लावलं, फोन सुरू झाला. कुणाची ट्री घेता तिचा कमिट-इतिहास (बदलांच्या नोंदी) बघा: मूळ लेखकाचं नाव राखून एकेक बदल आणलाय, की "सगळं अपडेट केलं" असा एकच अगडबंब कमिट आहे? दुसऱ्या प्रकारची घेऊ नका. सहा महिन्यांनी एखादा पॅच (दुरुस्तीचा तुकडा) बसेनासा झाला की तो का बसत नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी

फोन सुरू, पण कॅमेरा काळा आणि ठसा ओळखत नाही. दोन्ही कामं बंद फायलींवर, म्हणजे ब्लॉबवर चालतात. आपले ब्लॉब अँड्रॉइड १० च्या काळातले. त्यांना लागणारी जुन्या काळची सिस्टिम लायब्ररी आधी व्हीएनडीकेच्या गाठोड्यातून मिळायची. अँड्रॉइड १५ पासून ती सोयच मोडीत काढली. लॉगमध्ये "सिम्बॉल सापडत नाही" अशी रांग लागते.

उपाय कंटाळवाणा, पण सरळ: ब्लॉबला कोणती लायब्ररी हवी ते पाहायचं, तिची जुनी प्रत वेगळ्या नावाने व्हेंडरमध्ये ठेवायची आणि पॅचएल्फने ब्लॉबच्या आतलं नाव बदलायचं. हे बदल हाताने करू नका. एक्स्ट्रॅक्ट-फाइल्सच्या स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा, नाहीतर ब्लॉब पुन्हा काढले की सगळं मुसळ केरात.

कॅमेरा आला. पोर्ट्रेट मोड गेला तो गेला. त्यासाठी कंपनीचं कॅमेरा ॲप लागतं आणि ते या आवृत्तीवर उभंच राहत नाही. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मला कुठं मॉडेलिंग करायचंय."

२३ फेब्रुवारी

हा आठवडा व्हीओएलटीईने (फोरजीवरून कॉल) खाल्ला.

डेटा चालतो, एसएमएस येतात, कॉल लागत नाही. दुसऱ्या सिमवर कॉल लागतो पण लावताना फोरजी पडून खालच्या नेटवर्कवर जातो. म्हणजे आयएमएस (व्हीओएलटीई कॉल चालवणारी यंत्रणा) नोंदणी होत नाहीये. परदेशातल्या सूचनांमध्ये हा दोष "किरकोळ, नंतर बघू" गटात असतो, कारण तिथल्या लेखकाचा कॉल जुन्या नेटवर्कवरून जातो. आपल्याकडे जिओचं सिम असेल तर खाली उतरायला टूजी-थ्रीजी नाहीच. आयएमएस नाही म्हणजे फोन हा फोनच नाही. आईच्या फोनमध्ये तेच सिम.

लॉगमध्ये चिप कंपनी क्वालकॉमचं आयएमएस ॲप दर काही सेकंदांनी कोसळत होतं, एक क्लास सापडत नाही म्हणून. मी ब्लॉबची आवृत्ती बदलून पाहिली, मोडेमचं फर्मवेअर परत चढवलं, प्रॉपर्टीच्या ओळी इकडून तिकडून आणल्या. प्रत्येक बदलाआड पूर्ण बिल्ड, त्यात बराच वेळ वाया गेला. दोष साधा होता: टेलिफोनी-एक्स्ट ही जार (जावा कोडची फाइल) बूट-जारच्या (फोन सुरू होतानाच भरायच्या) यादीत नव्हती. जुन्या डिव्हाइस ट्रीमधली (त्या फोनपुरत्या बिल्डच्या फायली) फाइल नव्या रचनेत आणताना तेवढी ओळ गळाली होती. ओळ घातली, फोन चालू केला, वर कोपऱ्यात व्हीओएलटीई उमटलं.

पुढच्यांसाठी: आधी क्रॅशची पहिली ओळ वाचा, मोडेमला हात शेवटी लावा. आणि मोडेमशी खेळण्यापूर्वी ईएफएस आणि पर्सिस्ट या विभाजनांची प्रत काढून फोनबाहेर ठेवा. आयएमईआय गेला की परत आणणं फार अवघड, आणि त्यासाठी नेटवर जे उपाय सांगतात ते कायद्यात बसत नाहीत.

२ मार्च

लिनक्स ४.४ ची अधिकृत देखभाल फेब्रुवारी २०२२ मध्ये ४.४.३०२ वर थांबली. त्यानंतर सापडलेली भोकं आपल्या कर्नलमध्ये उघडीच. पण सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प ४.४ ची एक शाखा जिवंत ठेवतो, जानेवारी २०२७ पर्यंत. वीज केंद्रं, रेल्वे, कारखाने यांतली नियंत्रणयंत्रं वर्षानुवर्षं बदलत नाहीत, त्यांच्यासाठी हे काम चालतं. आपल्यासारखे जुन्या फोनवाले त्या पंगतीत आगंतुक. ती शाखा मर्ज केली (आपल्या कोडमध्ये मिसळली). सगळ्यात जास्त टकरी झाल्या त्या जिथे चिप कंपनीने मूळ फाइल मनासारखी बदललेली आहे तिथे: यूएसबी, मेमरी, शेड्यूलर. वाय-फाय ड्रायव्हर तर मूळ लिनक्सचा नाहीच, तो बाहेरचा. त्याला ही शाखा काही देत नाही.

परवा, २८ फेब्रुवारीला, ॲम्नेस्टीचा अहवाल आला: सर्बियातल्या एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा कुलूपबंद अँड्रॉइड फोन यूएसबी ड्रायव्हरमधल्या भोकांतून उघडला गेला. तीन क्रमांक (सीव्हीई, म्हणजे सुरक्षा-भोकांचे नोंदणी क्रमांक) त्यात आहेत: सीव्हीई-२०२४-५३१०४ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये, ५३१९७ यूएसबी ऑडिओत, ५०३०२ कीबोर्ड-माउसच्या एचआयडी भागात. तिघांचा शोध आपल्या ट्रीमध्ये घेतला. मर्जमधून काय आलं आणि काय नाही हे क्रमांकावरून कळत नाही, कोड उघडून बघावं लागतं. दुरुस्त्या मात्र इवल्याशा: एचआयडीमध्ये बफर शून्याने भरून घ्यायचा, व्हिडिओमध्ये अनोळखी प्रकारची फ्रेम वाचायला जायचं नाही. वीस मिनिटांचं काम. कोणती वीस मिनिटं, हे कळायला अख्खी दुपार.

१६ मार्च

इतरांच्या फोनवर चढवण्याआधी दोन जुनी पापं धुवायची होती.

पहिलं, जुनं बिल्ड टेस्ट-कीने सही केलेलं. त्या किल्ल्या अँड्रॉइडच्या सोर्ससोबत जगजाहीर असतात. म्हणजे कुणीही त्याच किल्लीने ॲप सही करून फोनला "मी सिस्टिमचाच" असं पटवू शकतो. स्वतःच्या किल्ल्या तयार केल्या. पण किल्ली बदलली की जुन्या डेटावर नवं बिल्ड सुरू होत नाही, सह्या जुळत नाहीत. लिनिएजच्या सूचनांमध्ये स्थलांतराची स्क्रिप्ट आहे; माझ्या फोनवर चालली. तरी आई आणि बाईंच्या फोनचा सगळा डेटा बाहेर काढून, फोन पुसून, नव्याने बसवलं. व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी घेतला आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. "हो घेतलाय" यावर विसंबू नका.

दुसरं, एसईलिनक्स (कुणी कशाला हात लावायचा हे ठरवणारा पहारा) परमिसिव्ह ठेवलेलं. म्हणजे पहारेकरी आहे, पण तो चोराचं नाव वहीत लिहून आत सोडतो. अनधिकृत बिल्डांमध्ये हे सर्रास असतं, कारण नियम लिहिण्यापेक्षा तसं सोडणं सोपं. एन्फोर्सिंग (खरोखर अडवणारं) केलं की ठशाचा सेन्सर, कंपन, चार्जिंगचा दिवा एकेक करून बंद पडतात. लॉगमधली नकाराची प्रत्येक ओळ वाचून नियम लिहिला. ऑडिट-टू-अलाउ (नकारांवरून नियम सुचवणारं साधन) जे सुचवेल ते आंधळेपणाने चिकटवू नका. ते कधी कधी अख्खं दार उघडायला सांगतं.

जागेचा प्रश्नही इथेच आला. सिस्टिम विभाजन ३ जीबीचं, सिस्टिमची प्रतिमा (इमेज फाइल) त्यात बसेना. विभाजनं नव्याने मांडायची डायनॅमिक पद्धत जुन्या फोनवरही करता येते, पण मग जुन्या रिकव्हरीने परत जाता येत नाही. मी रिंगटोन, थेट वॉलपेपर आणि न लागणारी ॲप काढून भागवलं. फॉन्ट काढू नका. त्यातून जागा फारशी वाचत नाही, आणि देवनागरीचा फॉन्ट गेला तर बाईंच्या शाळेच्या सगळ्या सूचना चौकोनी खोके होतील.

३० मार्च

याच आठवड्यात गूगलने जाहीर केलं: अँड्रॉइडचं सगळं काम आता आतल्या शाखांत होणार, सोर्स आवृत्ती निघाली की एकदम बाहेर येणार. सोर्स बंद होत नाहीये, पण आजवर ब्लूटूथसारख्या काही भागांतले बदल होत असताना दिसायचे, ते दिसणार नाहीत. माझ्यासारख्या एकट्यादुकट्याला लगेच फरक पडत नाही. लिनिएजसारख्या टोळीला पडेल: पुढे काय येतंय याचा अंदाज घेऊन आधी तयारी करता यायची, आता पाटीभर कोड एकदम अंगावर.

११ मे

शाखा २२.१ वरून २२.२ वर नेली. कर्नल आणि ब्लॉबना हात लावावा लागला नाही. म्हणून आज ब्राउझर.

बाईंच्या फोनवर किवी होता. जानेवारीत त्याचं काम थांबलं, भांडार बंद झालं. मामांच्या फोनवर ब्रोमाइट, ज्याची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२२ ची! आणि माझ्या फोनवर मल, जो डिव्हेस्टओएस या सिस्टिमसोबत डिसेंबर २०२४ मध्ये संपला. तिघांनाही वाटत होतं आपण सुरक्षित ब्राउझर वापरतोय. ब्राउझर बंद पडल्याची वर्दी फोन देत नाही. तो उघडतो, पानं दाखवतो, जाहिराती अडवतो.

हे का मरतात? क्रोमियमची (क्रोमचा खुला पाया) नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येते (२०२१ पर्यंत सहा होते). वेगळा ब्राउझर म्हणजे क्रोमियमवर (मलसारखा असेल तर फायरफॉक्सवर) चढवलेल्या स्वतःच्या पॅचची चळत. दर चार आठवड्यांनी ती चळत उचलून नव्या कोडवर बसवायची, जिथे बसत नाही तिथे पुन्हा लिहायची, तासन्‌तास बिल्ड करायचं. मधे एखादं भोक सापडलं तर चार आठवडेही मिळत नाहीत. हे काम बहुधा एकच माणूस रात्री जागून करत असतो. त्यामुळे निवड करताना वैशिष्ट्यांची यादी मी वाचतच नाही. शेवटची आवृत्ती कधीची आणि गेल्या वर्षात किती वेळा उशीर झाला, एवढंच बघतो.

मामांना क्रोमाइट दिला, तो ब्रोमाइटचाच पुढचा वारस. बाईंना किवीत एक्स्टेन्शन हवी असायची, त्यांना फायरफॉक्स: डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवर त्याची एक्स्टेन्शन मोकळी झाली आहेत आणि यूब्लॉक ओरिजिन व्यवस्थित चालतं. माझ्याकडे आयर्नफॉक्स.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. एक सरकारी पोर्टल फायरफॉक्स बघून "कृपया क्रोम वापरा" म्हणत होतं. डेस्कटॉप साइटची खूण केली की मुकाट्याने चालतं. म्हणजे अडचण इंजिनाची नाही, दारावरच्या नाव विचारणाऱ्याची. तरी एका फॉर्ममध्ये तारीख निवडताच येईना, म्हणून त्या एका कामासाठी क्रोमाइटही ठेवला.

२५ मे

मामांचं यूपीआय ॲप उघडेना. "तुमचं उपकरण सुरक्षित नाही."

याच महिन्यात प्ले इंटिग्रिटीचे (फोन विश्वासू आहे का ही गूगलची तपासणी) निकष कडक झाले. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांवर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) कुलूपबंद आहे का, सिस्टिम मूळची आहे का, याचा दाखला थेट हार्डवेअरकडून घेतला जातो. आपला बूटलोडर उघडा आहे. तो स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद करायची सोय पिक्सेलसारख्या मोजक्या फोनांवर आहे, आपल्यावर नाही. गंमत बघा: हाच फोन कंपनीच्या अँड्रॉइड १० वर, कित्येक वर्षांत एकही पॅच न मिळालेला, बूटलोडर बंद ठेवून नेला तर ॲपच्या लेखी विश्वासू. आणि या महिन्याचे पॅच घातलेला अविश्वासू.

दुसऱ्या फोनची ओळख चोरून दाखला मिळवण्याच्या युक्त्या नेटवर भरपूर आहेत. मी त्या बिल्डमध्ये घालत नाही. आज चालतं, पुढच्या महिन्यात ती ओळख काळ्या यादीत जाते, आणि मामा दुकानात पैसे द्यायला उभे असताना ॲप बंद पडतं. त्यांचं सिम घरातल्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. यूपीआय १२३पे मार्च २०२२ पासून अशा फोनांसाठीच आहे, आणि *९९# पण आहे. मामांना ते आवडलेलं नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं की क्यूआर स्कॅन करता येत नसेल तर हा फोन भाच्याला देऊन टाकतो. मला उत्तर नाही. नवीन कुणी बसवायला मागितलं तर आता मी पहिला प्रश्न यूपीआयचा विचारतो, आणि "याच फोनवर हवं" म्हणाले तर बसवून देत नाही.

६ जुलै

जूनमध्ये दोनदा धावाधाव झाली. पहिल्या आठवड्यात सीव्हीई-२०२५-५४१९, महिनाअखेर ६५५४. दोन्ही व्ही८ मधली, म्हणजे क्रोमियमच्या जावास्क्रिप्ट इंजिनातली, आणि दोन्ही उघड होण्याआधीच कुणीतरी वापरत होतं. क्रोमाइट नवा घेतला की प्रश्न मिटला, असं वाटतं. पण तेच इंजिन सिस्टिम वेबव्ह्यूत आहे. लिनिएजचा स्वतःचा जेली ब्राउझर त्यावरच चालतो. बातम्यांची ॲप, तिकिटांची ॲप, ॲपच्या आत उघडणारं प्रत्येक पान त्यावर. गूगलचे फोन तो प्ले स्टोअरमधून गुपचूप बदलतात. आपल्याकडे तो बिल्डच्या पोटात, म्हणजे मी महिन्याने बिल्ड काढलं तर भोक महिनाभर उघडं.

वेबव्ह्यू स्वतः बिल्ड करायचा विचार केला. क्रोमियमचा सोर्स शंभर जीबीच्या वर, माझ्या डिस्कवर जागा नाही आणि दुसरी घ्यायची तयारी नाही. शेवटी असं जमवलं: लिनिएज आपल्या भांडारात नवं एपीके टाकतं ते घ्यायचं, आपल्या बिल्डमध्ये वेबव्ह्यूवर जी किल्ली बसते त्याच किल्लीने सही करायची, आणि स्वतःच्या छोट्या एफ-ड्रॉइड (खुल्या ॲपचं स्टोअर) भांडारात ठेवायचं. फोनवर ते साध्या ॲप अपडेटसारखं येतं, फ्लॅश नाही, रीबूट नाही. किल्ली जुळली नाही तर फोन ते घेत नाही, म्हणून १६ मार्चचं काम आधी. लिनिएजलाच उशीर झाला तर आपल्यालाही होणार, त्यावर इलाज नाही.

आईला भांडाराचं चिन्ह दाखवलं, हिरवा ठिपका दिसला की दाबायचं. ती न चुकता दाबते. भाचा दाबत नाही.

अँड्रॉइड १६ चा सोर्स १० जूनला आला, पण या वेळी पिक्सेल फोनांच्या डिव्हाइस ट्री त्यात नव्हत्या. आपण त्या थेट वापरत नाही. मात्र एखादी गोष्ट नव्या पद्धतीने कशी मांडायची हे अडलं की सगळेच तिथे डोकावायचे.

२० जुलै

जुलैच्या अँड्रॉइड सुरक्षा पत्रकात एकही दुरुस्ती नाही. कोरं पत्रक. मर्ज करायला काही नाही म्हणून बिल्डही नाही. बाईंनी विचारलं, "या महिन्यात अपडेट नाही का रे?" काय सांगणार, म्हटलं वरूनच आलं नाही.

यानिमित्ताने सगळ्यांच्या सेटिंग्जमध्ये एक पान नीट वाचून दाखवलं. लिनिएजमध्ये ट्रस्ट नावाच्या भागात दोन तारखा दिसतात. प्लॅटफॉर्मची, जी मी मर्ज करतो तशी पुढे सरकते. आणि व्हेंडरची, जी कंपनीच्या शेवटच्या अपडेटपाशी गोठलेली आहे, कारण मोडेम, जीपीयू, कॅमेरा यांचे बंद ब्लॉब मला दुरुस्त करता येत नाहीत. काही बिल्डांमध्ये व्हेंडरची तारीखही हाताने पुढे लिहिलेली असते. ते करू नका. ट्रस्ट तांबडी खूण दाखवतो, दाखवू दे. कर्नल आणि वेबव्ह्यू यांची स्थिती तर या पानावर येतच नाही, ती मी प्रत्येक बिल्डसोबतच्या टिपेत मराठीत लिहितो: कर्नलमध्ये कोणत्या महिन्यापर्यंतचं काम, वेबव्ह्यू कितवा, काय उघडं राहिलंय.

१४ सप्टेंबर

सप्टेंबरच्या पत्रकात शंभराहून अधिक दुरुस्त्या एकदम. जुलै कोरा का होता ते कळलं: तातडीचं तेवढं दरमहा, बाकी तिमाहीला, असा नवा रिवाज दिसतोय. माझ्यासाठी याचा अर्थ दोन महिने हातावर हात आणि मग एका आठवड्यात ढीग. प्लॅटफॉर्मचं लिनिएजकडून आलं. कर्नलचं अजून चाळतोय. पत्रकातल्या बऱ्याच नोंदी नव्या कर्नलच्या आहेत, ४.४ मध्ये तो कोडच नाही, पण "नाही" हे प्रत्येकीसाठी तपासूनच लिहावं लागतं.

क्रोम १३९ पासून अँड्रॉइड १० च्या खाली चालत नाही, ८ आणि ९ साठी १३८ शेवटचा. शेजारच्या काकांचा फोन ९ वर आहे. त्यांनी विचारलंय. त्यांच्या मॉडेलसाठी कर्नलची नीट ट्री मला सापडलेली नाही, तोवर फायरफॉक्स बसवून दिलाय. त्याचं इंजिन त्याच्यासोबतच येतं, सिस्टिमच्या वेबव्ह्यूवर अवलंबून नसतं.

अँड्रॉइड १६ वर, म्हणजे लिनिएज २३ वर, लगेच जाणार नाही. २२.२ ला पॅच मिळतायत तोवर तिथेच. बाकी कामं:

ब्लूटूथ हेडसेटवर कॉलचा आवाज पहिली काही सेकंद येत नाही. ऑडिओ ब्लॉबमध्ये आहे की पॉलिसी फाइलमध्ये, अजून ठरलेलं नाही.

वाय-फाय ड्रायव्हर जुना. चिप कंपनीच्या नंतरच्या टॅगवर नेता येईल, पण एकदा प्रयत्न केला तर हॉटस्पॉट गेला. माघारी आणलाय.

सहीच्या किल्ल्या फक्त माझ्या मशीनवर होत्या. त्यांची पासवर्डने बंद केलेली प्रत दोन पेनड्राइव्हवर काढली, एक घरी, एक भाच्याकडे. पासवर्ड त्याच्याकडे नाही, तो कागदावर आईच्या कपाटात. मी उद्या हे सोडलं तर पुढच्याला कुणाचाच फोन पुसावा लागू नये. भाच्याला म्हटलं, एकदा माझ्यासमोर पूर्ण बिल्ड काढ. दिवाळीच्या सुट्टीत बसतो म्हणालाय, रॅम माझ्याच मशीनची.